ज्या हातानं बांधलं

आम्ही त्या घरात पोचलो तेव्हा दुपार होती, पण आभाळ असं दाटून आलेलं की जिन्यातला दिवा लावावा लागला. हे लिफ्ट दुरुस्त करतात. दुसऱ्यांना वरखाली नेण्यातच जन्म चाललाय, एकदा आपणही कुठं जाऊ, असं म्हणून ह्यांनी कधी नव्हे ती सुट्टी घेतली आणि समुद्राकाठच्या जुन्या वस्तीत सुट्टीपुरतं घर भाड्यानं घेतलं. फोटोत तिथं ऊन होतं. आम्ही गेलो तर पाऊस ठाण मांडून बसलेला.

घर लहान पण नेटकं. बाहेर बसायची खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा, आत झोपायची खोली. बसायच्या खोलीला एक मोठी खिडकी होती. ती थेट पाण्यावर उघडायची, आणि तिचा कठडा जेमतेम माझ्या गुडघ्याइतका. आमची ठकू तेव्हा दीड वर्षाची. तिला चालणं असं आलंच नाही, एकदम पळणंच आलं. मी चप्पल काढायच्या आधी खिडकीची खिट्टी लावली. वाऱ्यानं ती निसटली. परत लावली, परत निसटली.

"अहो, ही खिडकी बघा ना."

"बॅगा तरी ठेवू दे गं! घरात शिरल्या शिरल्या तुला भ्यायला काहीतरी सापडतंच," असं म्हणत हे बॅगा घेऊन आत गेले.

किल्ली द्यायला आलेली बाई दारातच उभी होती. वयानं बरीच, पण कणा ताठ. मी तिला मावशी म्हणायला लागले, आणि तिनंही ते चालवून घेतलं. ती वाकली आणि खिडकीपासून लांबच्या भिंतीत, गुडघ्याइतक्या उंचीवर बसवलेलं एक लोखंडी कडं मला दाखवलं. इतकं जुनं, पण गंज नव्हता. हात लागून लागून गुळगुळीत झालेलं.

"पोर धीट दिसतंय तुझं. कामात असलीस की इथं बांधत जा."

"बांधू? ठकूला?"

"इथल्या सगळ्या घरांत आहे हे. आमच्या आया धक्क्यावर मासळी साफ करायला जायच्या. मुलं इथं, कमरेला फडकं बांधून. नाहीतर पाण्यात जाणार नाहीत का ती?"

"म्हणजे दावणीलाच की," मी हसले.

"दावणीला तर दावणीला. जगलो ना!" तीही हसली. मग एकदम गंभीर झाली. "एकच लक्षात ठेव. ज्या हातानं बांधलं त्याच हातानं सोडायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पोर रडून रडून निळं पडलं तरी नाही."

मी विचारलं, असं का? तेव्हा ती सांगू लागली. ह्याच जिन्यातली एक बाई होती, पोरीला बांधून धक्क्यावर गेलेली. पोर रडायला लागलं म्हणून शेजारणीला माया आली. तिनं सोडलं आणि आपल्या घरी नेऊन दूध पाजलं. तेवढ्यात आई वर आली. बघते तर फडकं रिकामं आणि खिडकी उघडी. शेजारच्या घरात डोकावायचं सुचलं नाही तिला. खाली पळाली आणि तशीच पाण्यात शिरली, पोरीला शोधायला.

"मग?"

"मग काय... भरती होती."

"आणि पोरगी?"

"वाढली. म्हातारीही झाली. कुणीतरी वाढवतंच," असं म्हणून मावशीनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ती जिना उतरून गेली.

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे बॅगेतले मोजे शोधत "हो हो" म्हणाले. माझं निम्मं बोलणं ह्यांच्या ह्या "हो हो" मध्ये वाहून जातं, हे तेव्हा मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका छत्रीत तिघं वस्ती बघायला निघालो. दगडी गल्ल्या, दोन्हीकडे उंच गोदामं. काहींत आता दुकानं झालेली, काही तशीच बंद. ओल्या दोरांचा आणि डांबराचा वास, त्याच्या खाली शेवाळाचा. गल्ली वळली की पाणी दिसायचं. परत वळली की पुन्हा पाणी, पण मघाचंच की दुसरं, ते कळायचं नाही. दारं सगळी सारखी. आणि प्रत्येक उघड्या दारातून, आतल्या भिंतीला, खाली बसवलेलं तेच कडं दिसायचं. हे म्हणाले, मस्त आहे ना? मी म्हटलं, मस्त आहे. पण मी सारखी मागं वळून बघत होते. का, ते विचारू नका. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या होत्या. वरच्या पायऱ्या दिसत, खालच्या नुसत्या आहेत असं वाटे. ठकूनं पाण्याकडे बोट करून "आई" म्हटलं. तेव्हा ती कशालाही आईच म्हणायची, कुत्र्याला, चमच्याला. ह्यांना हसू आलं. मी छत्री तिच्यावर ओढून घेतली.

जेवण झाल्यावर हे आडवे झाले. ह्यांना झोप लागली की ढोल वाजवा, उठायचे नाहीत. दूध संपलं होतं आणि दुकान खालीच, जिन्याला लागून. ठकूला पावसात परत कुठं न्यायची? खिट्टी तर लागेना. मग मी माझी निळी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली, दुसरं टोक कड्याला बांधलं, दोन गाठी मारल्या. तिच्यापुढं वाट्या ठेवल्या. ती वाट्या आपटत बसली. जिना उतरताना मला त्यांचा आवाज येत होता.

दुकानात जरा वेळ लागला. दुकानदाराचं बोलणंच संपेना. पाऊस किती, पाहुणे किती, सगळं विचारून झालं. जिना चढताना वाट्यांचा आवाज नव्हता.

दार लोटलं. कड्याला ओढणी लोंबत होती. गाठी नीट सोडलेल्या, ओढूनताणून नाही. खिडकी सताड उघडी, फरशीवर पाऊस आलेला. वाट्या जागच्या जागी.

तुम्ही म्हणाल, आतल्या खोलीत बघायचंस. मलाही आज तेच वाटतं. मावशीची ती गोष्ट मला तोंडपाठ होती, आणि तरी आत बघायचं सुचलं नाही. मी खाली धावले. डावीकडे धक्का होता, मी उजवीकडे वळले. मग एक बंद गोदाम, मग परत तेच दुकान, मग दुसरी गल्ली. ठकू, ठकू म्हणून ओरडत होते, पण त्या दगडात हाक चार हातही जाईना. कुठून तरी एकदम पायऱ्यांवर आले. सकाळच्याच होत्या की दुसऱ्या, देव जाणे.

पाण्यात एक बाई उभी होती. कमरेइतक्या पाण्यात, माझ्याकडे पाठ करून. केस पाठीला चिकटलेले. दोन्ही हात पाण्याखाली घालून ती हळूहळू चाचपत होती, पिठात पडलेली अंगठी शोधावी तशी.

"माझी मुलगी..." मी म्हटलं. "माझी मुलगी पडली हो..."

ती वळली नाही. "त्या बाजूला मी बघितलंय," ती म्हणाली. "तू इकडं बघ."

आवाज अगदी साधा. थकलेला. रोजचं काम रोज करणाऱ्या बाईचा. मला इतका धीर आला, काय सांगू! वाटलं, चला, कुणीतरी आहे सोबत. मी उतरले. पाणी गार होतं. पायरी संपली तसा पाय खाली गेला, छातीपर्यंत पाणी आलं. मीही हात फिरवू लागले. दोर लागत होते, शेवाळ लागत होतं.

"हाताला केस लागले तर ओढू नकोस..." ती हळू म्हणाली. "दुखतं त्यांना."

मी "हो" म्हटलं. खरंच म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की सगळीकडे पाण्यावर पावसाचे थेंब नाचतायत, पण तिच्या भोवती पाणी सपाट आहे. ताटासारखं. तरी मी शोधतच राहिले. सोडून जाऊ कशी? ठकू पाण्यात होती ना...

"आई!"

वरून हाक आली. आम्ही दोघींनी वर पाहिलं.

धक्क्यावर हे उभे होते, उघडी छत्री नुकतीच हातातून निसटलेली, आणि कडेवर ठकू. कोरडी. हातात बिस्कीट. मला पाण्यात बघून ती रडायला लागली, आणि परत म्हणाली, "आई..."

त्या बाईचा चेहरा तेव्हा मला दिसला. मी तो आठवायला बघते, पण नाक नाही आठवत, डोळे नाही आठवत. एवढंच आठवतं की इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

"सापडली..." ती म्हणाली. "सापडली गं..."

तिनं पाण्यातून हात बाहेर काढले. ह्यांनी मला दंडाला धरून वर ओढलं. मी मागं पाहिलं तर पाण्यावर सगळीकडे पाऊस पडत होता, सारखाच.

ह्यांनी माझा दंड सोडलाच नाही. रागानं की रडू येत होतं म्हणून, मला कळेना. "वेड लागलंय का तुला? मी तिला बोटी दाखवायला नेलं होतं. उठून बघतो तर पोर गुरासारखं बांधलेलं! बघवेना मला, सोडलं. वाटलं, तू यायच्या आत परत येऊ. एकटी पाण्यात काय करत होतीस?"

"एकटी नव्हते हो."

"एकटीच होतीस! हात हलवत, कुणाशी तरी बोलत."

आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. किल्ली घ्यायला मावशी आली तेव्हा मी ह्यांची नजर चुकवून तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, तेव्हा ठकूकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती.

"तिला सांगितलंस का," तिनं विचारलं, "की ही तुझी नाही म्हणून?"

"नाही... सुचलंच नाही मावशी."

मावशी किल्ली मुठीत धरून उभीच राहिली. मी वाकून नमस्कार केला, तरी हात वर उचलला नाही तिनं.

आता आम्ही आमच्या घरी आहोत. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर. ठकू चांगली आहे, खाते, वाढते. मी तिला कुठंच बांधत नाही. बोलणंही सुधारलंय तिचं. कुत्र्याला भूभू म्हणते, चमच्याला चमचा. "आई" मात्र अजून दोन ठिकाणी म्हणते. एकदा माझ्याकडे बघून, आणि एकदा माझ्या मागं, जरा वर बघून.

कधी कधी वाटतं, आता तरी सांगावं. रिकाम्या खोलीत उभं राहून मोठ्यानं म्हणावं, बाई, ही तुझी नाही, माझी आहे. तोंडाशी येतं. मग ते गार पाणी आठवतं, आणि ते चाचपणारे हात, आणि ती बाई हे ऐकेल तर परत तिथंच शोधायला जाईल हे कळतं. माझी जीभ उचलत नाही. आणि उचलली, आणि ती गेलीच नाही, तर?

ठकू दुपारी झोपेतून रडत उठते. मी हातातलं टाकून धावते. ओट्यापासून पलंग असा किती लांब?

मी पोचेपर्यंत ती गप्प झालेली असते, कुणीतरी थोपटल्यासारखी.