तिसरा पुकारा

पटत नसेल तर सोडून द्या, पण ही थाप नाही. विघ्नेश माझा सख्खा मावसभाऊ. १९९९ चा नोव्हेंबर, रविवारची सकाळ, विरारजवळच्या चांदीप गावामागचा डोंगर. असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरूर वाचा.

विघ्नेश विरारच्या फ्लॅटमधला. ज्युली निर्मळच्या कॅथलिक वाडीवाल्यांची. दोन्ही घरांत लग्नाचा विषय काढला की भांडी आपटायची.

शेवटी दोघांनी पळून जाऊन लग्न करायचं ठरवलं. पळून तरी कुठे, तर डोंगरावरच्या महादेवाच्या देवळात. समोर खोल दरी, खाली झरा. म्हातारा गुरव तयार झाला. ज्युलीची मैत्रीण हंसा साक्षीला. झालं वऱ्हाड!

ज्युलीची एकच अट होती.

त्यांच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वेदीवरून नवरानवरीची नावं पुकारतात. कोणाची हरकत असेल तर सांगा, म्हणतात.

"पुकारल्याशिवाय लग्न कसलं रे?" ती म्हणाली. "चर्चमध्ये नाही, तर इथे. डोंगराला सांगू."

"आणि डोंगराने हरकत घेतली तर?"

"मग बस ब्रह्मचारी!"

दोन रविवार दोघांनी कड्यावरून नावं पुकारली. दरीने दोन्ही नावं परत दिली. ज्युलीने टाळ्या पिटल्या. तिसरा पुकारा लग्नाच्या दिवशी करायचा होता.

त्या सकाळी विघ्नेश उजाडायच्या आत वर पोचला. ज्युली चर्चमध्ये मिस्साला जाते सांगून निघणार होती. हार तीच आणणार होती, वाडीतल्या लिलीचे, केळीच्या पानात बांधून.

ऊन देवळाच्या पायरीवर आलं. ज्युली आली नाही.

आणि मग खालून…

"ज्युली…"

"विघ्नेश…"

तिचाच आवाज.

गुरव हसला. "आली तुजी पोरगी. पान्याकडनं येते बघ."

विघ्नेश कड्याकडे धावला. पायवाट रिकामी होती.

पुन्हा दोन्ही नावं… पुन्हा…

त्याला एक गोष्ट खटकली. दरी काहीच परत देत नव्हती.

"कोणाची हरकत आहे का?"

तिच्याच आवाजाने विचारलं.

मग अगदी कानाजवळ… रडवेला आवाज…

"माझी आहे, विघ्नेश. तू घरी जा."

त्याने गर्रकन मागे बघितलं. कोणी नव्हतं. गुरव मात्र देवळाच्या दारात हात जोडून उभा होता. त्यानेही ऐकलं होतं.

विघ्नेशला वाटलं, घरच्यांना घाबरून ही ऐनवेळी फिरली. कुठेतरी लपून बोलतेय. त्याचं डोकं फिरलं.

"यायचंच नव्हतं तर आधी सांगायचंस!" तो दरीत ओरडला. "पुन्हा तोंड बघणार नाही तुझं!"

तरातरा डोंगर उतरला. हायवेला गर्दी दिसली. एक रिक्षा उलटली होती. डांबरावर लिलीची फुलं पडली होती.

हंसा कडेला बसली होती, हाताला ओढणी गुंडाळून.

"ज्युली कुठेय?"

"उजाडतानाच गेली रे," हंसा म्हणाली. "माझ्या मांडीवर. तुझंच नाव घेत होती. घरचे येऊन घेऊन गेले तिला."

ज्युलीच्या घरच्यांनी त्याला दफनाला येऊ दिलं नाही. कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर तो उभा राहिला. तिचं तोंड त्याला खरंच बघायला मिळालं नाही.

मेलेलीशी लग्न लागू नये म्हणून तिने त्याला सोडवलं, असं गुरव म्हणायचा. सुटला कुठे? सोयरिकी आल्या, त्याने एकही धड ऐकून घेतली नाही.

दर नोव्हेंबरात तो वर जातो. २००६ साली मीही सोबत गेलो, त्याला वेड लागलंय असं समजून.

त्याने दोन्ही नावं पुकारली. त्याचं नाव परत आलं. तिचं आलं नाही…

"आता तरी हो म्हण गं," तो म्हणाला. "कोणाची हरकत आहे का?"

देवा, यावेळी तरी तिने गप्प राहावं, असं मी मनात म्हणत होतो.

"माझी आहे, विघ्नेश."

आवाज अजून तेवीस वर्षांच्या मुलीचाच होता. माझ्या भावाचे केस पिकायला लागलेत.