ओ दिली त्यांनी

चौकीच्या दाराला पेज का नाही लावली म्हणून विचारतोस? बाकीच्यांना लावू दे. वर्षातली सगळ्यांत लांब रात्र, घरोघरी तांबड्या चवळीची पेज शिजली, दोन बोटं चौकटीला फासली, झालं, भुतं बाहेर! मी लावत नाही. काही जणांना येऊ द्यावं, असं माझं मत आहे. बस, जुन-हो. आणि तो फोन खाली ठेव, नाहीतर अर्ध्यात विचारशील, कोण मेलं म्हणून.

आपण रात्रभर राखतो ते हे चोवीस मजले उभे राहिले, त्याआधी इथं सेत्बावी टेकडी होती. एकोणसत्तर साली सोल शहरातल्या ओढ्याकाठच्या आमच्या झोपड्या मोडल्या आणि आम्हाला कचऱ्याच्या गाड्यांतून इथं आणून ओतलं. जमिनीवर चुन्याच्या रेघा, चार कुटुंबांना एक तंबू. साहेब म्हणाला, "हे तुमचं नवं नगर." पाणी नाही, वीज नाही, नगर मात्र झालं! मग आम्हीच भिंती चढवल्या. एकाची भिंत तीच दुसऱ्याची. भांडण झालं तरी त्याच भिंतीला टेकून बसायचं.

हिवाळ्यात घरं तापायची कोळशाच्या वड्यांवर. आरपार भोकं असलेली गोल वडी चुलीत ठेवायची, तिची धग जमिनीखालून फिरायची. पण जमिनीला भेग पडली की विषारी हवा खोलीत. वास नाही, आवाज नाही, झोपलेलं घर झोपलेलंच राहायचं. म्हणून टेकडीवर रीत पडली. पहाटे उठलं की जळून फिकट झालेली वडी दाराबाहेर ठेवायची. म्हणजे आम्ही जिवंत आहोत. ज्या दारात वडी नाही, तिथं शेजाऱ्यानं तीनदा थाप मारायची, नाव घेऊन हाक मारायची. ओ आली नाही तर दार फोडायचं, माणसाला उघड्यावर आणायचं आणि तोंडात मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी घालायचं. तुम्हाला शेजारी मेलेला कळतो लिफ्टमधल्या कागदावरून.

"आजोबा, भूत कधी येणार?"

येईल. तुझ्यासारखं उतावीळ नसतं ते.

ही गोष्ट ग्वाक मान-शिकची. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात तो अकरा वर्षांचा होता. एके पहाटे शेजारच्या दोक-रे काकूच्या दारात वडी दिसली नाही. आईनं त्याला पिटाळलं, जा, हाक मारून ये. बाहेर उतारावर बर्फ पडलेलं, पोरं घसरगुंडी खेळत होती. हा तिकडं पळाला. परत येऊन आईला म्हणाला, "मारली हाक. ओ दिली त्यांनी."

दुपारी दार फोडलं. काकू आणि तिच्या दोन्ही मुली, एकाच पांघरुणात. मान-शिकला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. त्या घरात नंतर कुणीच राहिलं नाही. कुलूप गंजलं, छप्पर बसलं.

मग दोन हजार अठरा साल. डिसेंबरची बावीस तारीख, शनिवार, अशीच लांब रात्र. टेकडीवरची वस्ती पाडायला निघाली होती. आम्ही मोजकी म्हातारी उरलो होतो, आणि मान-शिक ठेकेदाराच्या कामावर. काम काय, तर प्रत्येक दारावर थाप मारायची, हाक मारायची, ओ आली नाही तर दारावर लाल गोल काढायचा. म्हणजे घर रिकामं. मी त्याला चिडवायचो, "रंगाऱ्या, मला कधी गोल करतोस?"

त्या रात्री नऊला तो माझ्याकडे आला. त्याच्या बायकोनं माझ्यासाठी पेजेचा डबा धाडला होता. बसला, एक वाटी तांदळाची दारू घेतली. म्हणाला, सगळी यादी आज संपवली, वरची ओळ तर तासाभरात. मी म्हटलं, फारच चपळ झालास रे. तो हसला नाही. पावणेअकराला उठला आणि पायऱ्यांकडे निघाला. खाली जायचं होतं त्याला. पुढचं त्यानंच मला नंतर सांगितलं.

वरच्या बोळातून हाक आली.

"मान-शिक... ए मान-शिक..."

चांदणं लख्ख होतं. वर एक बाई उभी. हातात चिमटा, चिमट्यात काळी, थंड वडी.

"विस्तव विझला रे. एक पेटती वडी देतोस?"

"कोळसा कुठला आता, काकू?" तो म्हणाला. काकू का म्हणालो, हे त्याला कळलं नाही.

"वरच्या ओक-बुनच्या दारात आज वडी नाही. तू हाक मारली होतीस ना?"

यादीत त्यानं 'हाक मारली, ओ नाही' असंच लिहिलं होतं. पण तोंडातून आपोआप जुनंच गेलं...

"मारली. ओ दिली त्यांनी."

बाई एक पायरी खाली आली.

बघत राहिली.

आता चेहरा ओळखू आला. दोक-रे काकू. इतक्या वर्षांत ती एक दिवसानंही म्हातारी झाली नव्हती.

"मारलीस?"

...

"नाही," तो म्हणाला. "नाही मारली, काकू. तेव्हाही नाही. आत्ताही नाही."

पायऱ्यांवर कुणी नव्हतं. तो वर धावला.

ओक-बुन आजी लेकाकडे गेली असं गृहीत धरून त्यानं थाप न मारताच गोल काढला होता. मीटर कापल्यावर म्हातारीनं जुनी चूल पेटवली होती. लाल रंग अजून चिकट होता, त्यावरच खांदा मारून त्यानं दार तोडलं. माझ्या नावानं तो असा ओरडला की मी अनवाणी बाहेर आलो. आजीला त्यानं बर्फावर ओढून आणलं होतं. ओठ निळे. मी मडक्यातलं लोणच्याचं पाणी आणलं. एक घोट. काही नाही. दुसरा घोट. मान-शिक हात जोडून रडत होता, आजी, ओ द्या, एकदा ओ द्या.

आजी खोकली. मग शिवी दिली. इतकी गोड शिवी मी जन्मात ऐकली नाही. अजून आहे म्हातारी, लेकाकडे इंचॉनला, फोनवर अजून शिव्याच घालते.

दवाखान्यातून आम्ही पहाटे साडेचारला परतलो. दोक-रे काकूच्या दारापाशी तो थांबला. पायरीवर कोवळं बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही. मी बघितलं होतं, पायरी रिकामी होती. तो पुढं गेला. तीनदा थाप मारली. नाव घेतलं. मग दोन्ही पोरींची नावं. चव्वेचाळीस वर्षं उशिरा...

ओ आली नाही.

मग तो वळला, आणि त्याची नजर खाली गेली. माझीही.

पायरीवर एक जळालेली वडी होती. फिकट, अख्खी, नीट ठेवलेली. भोवतालचं बर्फ वितळत होतं. मी वाकून हात लावला.

गरम होती.