शेवट फोडणारी मुलगी

जळगावच्या पिंप्राळ्यात तोतारामभाऊंच्या केबल ऑफिसात सारिका भांडायलाच गेली होती. तीन दिवस आईची मालिका दिसत नव्हती, आणि मालिका दिसली नाही की आईला सारिकाचं लग्न आठवायचं. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून ती दारात पोचली, आणि तिथेच तिचे पाय थबकले.

स्टुलावर चढून एक उंच पोरगा काचेवर पोस्टर चिकटवत होता. पोस्टरवर मिओ होती... सारिकाची मिओ! आणि तिच्या डोक्यावर भडक लाल अक्षरांत — ‘छोट्या दोस्तांसाठी धम्माल कार्टून! सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा.’

“खाली उतरा,” सारिका म्हणाली.

“अं?”

“आधी खाली उतरा. आणि हे कार्टून नाहीये. जपानी ॲनिमे आहे.”

त्याने दातांत धरलेली चिकटपट्टी काढली आणि तो हसला. एका गालावर खळी पडली. “मॅडम, ‘ॲनिमे’ लिहिलं तर लोकांना पोटाचं औषध वाटेल.”

“म्हणून धम्माल कार्टून? अहो, पाचव्या भागात तर तिची आजी—”

“थांबा!” त्याने दोन्ही हात कानांवर दाबले. चिकटपट्टी त्याच्या केसांना चिकटली, स्टूल डगमगलं, आणि स्वारी खाली बसलेल्या तोतारामभाऊंच्या अंगावर कोसळता कोसळता वाचली. “पुढचं सांगू नका! मी अजून तीनच भाग बघितलेत.”

आता आली का पंचाईत! भांडायला आलेली मुलगी खुदकन हसून बसली. आईच्या मालिकेचं नावसुद्धा तिच्या तोंडून निघालं नाही.

त्याचं नाव स्वप्नील, राहणारा धुळ्याचा. एका मोठ्या मराठी वाहिनीने ‘मिओचा कंदील’ ही जपानी मालिका मराठीत आणली होती, दोन सासू-सुनांच्या मालिकांच्या मधोमध. एक पोरगी डोंगरापलीकडून पेटता कंदील आपल्या अंधाऱ्या गावाकडे घेऊन निघते, सोबतीला रेन नावाचा मुलगा. पंचवीस भाग, पाच आठवडे. खान्देशातली माणसं त्या मालिकेसमोर आणून बसवायची, हे स्वप्नीलचं काम. शेवटच्या आठवड्यात बघणारे वाढले, तर दुसरी मालिका येणार आणि त्याची नोकरी पक्की. नाही वाढले, तर साडेसहाला जुन्या मालिकांचे शिळे भाग, आणि स्वप्नीलने गाशा गुंडाळून धुळ्याला जायचं.

सारिका एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. वाढदिवसाच्या बॅनरवर नेत्यांचे गाल गोरे करून करून तिचा जीव विटला होता. तिने त्याच संध्याकाळी नवं पोस्टर केलं. काळोख, एक लहानसा कंदील, आणि खाली एवढंच — ‘मिओ घरी पोचेल का?’

“भारी शे!” तो धुळ्याच्या बोलीत बोलून गेला, आणि मग लाजून म्हणाला, “म्हणजे... छान आहे.”

“पहिलंच बरं होतं,” सारिका म्हणाली. घरी जाताना रिक्षात ती स्वतःशीच दोनदा म्हणाली, भारी शे.

कामाची त्याची तऱ्हा मोठी गमतीची होती. चाळीसगाव म्हणू नका, पहूर म्हणू नका, लोकांच्या घरी साडेसहाला जाऊन तो चक्क टीव्हीकडे पाठ करून बसायचा. मांडीवर वही, नजर माणसांच्या तोंडाकडे. कोण कुठे हसलं, कोण कुठे चहा टाकायला उठलं, सगळं टिपायचा. स्वतः मात्र तो भाग दुसऱ्या दिवशी दुपारी, पुनःप्रसारणात बघायचा. पुढचं काही ऐकायला तयार नसायचा. “नव्या माणसासारखं बघितलं तरच नव्या माणसाचं कळतं,” असं त्याचं म्हणणं.

सारिकाने तर ही मालिका चार वेळा बघितली होती. कॉलेजात असताना, मोबाइलवर, खालची इंग्रजी अक्षरं वाचत, एकटीने. घरात कोणाला कौतुक नव्हतं. पहूरला राहणाऱ्या पुष्पामावशीला तिने किती विनवण्या केल्या होत्या! मावशी म्हणायची, “इतकुशा डब्यात काय दिसते व माय? मले तर मुंग्या चालल्यासारख्या वाटतात.”

आणि अक्कल गहाण ठेवून सारिकाच स्वप्नीलला पुष्पामावशीकडे घेऊन गेली.

झालं. मावशीच्या एकवीस इंची टीव्हीवर मिओ मराठीत बोलली मात्र, आणि मावशी पदराने डोळे पुसू लागली. “काय गुणाची पोर आहे व! आणि हा रेन... एकदम माझ्या धाकट्या भावासारखा.” शेजारणी आल्या. मग शेजारणींच्या सुना आल्या. आणि श्रेय कोणाला? तर स्वप्नीलला! “तू आणलं म्हणून कळलं रे बेटा. नाहीतर आमची ही सारी, एकटीच कोपऱ्यात बसून बघायची. कोणाले सांगेल तर शपथ.”

सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात भर स्वप्नीलची. रोज संध्याकाळी फोन यायचा, आणि फोनवर काय? “आज पुष्पाबाई कुठे रडल्या माहितीये? मिओ रिकामा डबा लपवते ना, तिथे! कोणीच नव्हतं रडलं. त्यांनाच दिसलं.”

“मलाही दिसलं होतं,” सारिका म्हणायची. “सहा वर्षांपूर्वी.”

“हो, पण त्यांनी पहिल्याच वेळी—”

“मीसुद्धा पहिल्याच वेळी रडले होते! तेव्हा माझ्या तोंडासमोर वही घेऊन कोणी बसलं नव्हतं, एवढंच.”

पलीकडून तो हळूच म्हणायचा, “तेव्हा कुठे होतो मी...” असं काही बोलला की राग विरघळायचा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पुष्पाबाई!

आता सांगायलाही लाज वाटते, पण खरं ते खरं. तेवीस वर्षांची सारिका पासष्ट वर्षांच्या स्वतःच्या मावशीवर जळत होती. मावशी पहिल्यांदा बघत होती, म्हणून जळत होती. तिला आता कधीच पहिल्यांदा बघता येणार नव्हतं. आणि स्वप्नील ज्या नजरेने मावशीचा चेहरा न्याहाळायचा, त्या नजरेने त्याने आपल्याकडे एकदा, निदान एकदा तरी बघावं, म्हणून सर्वांत जास्त जळत होती.

शेवटच्या आठवड्याआधीच्या शनिवारी मावशीने शेतात भरीत पार्टी ठरवली. थंडी पडली की खान्देशात भरीत पार्टीला निमित्त लागत नाही, पण या खेपेला होतं. घरून वायर ओढून शेतातल्या खोलीच्या ओट्यावर टीव्ही मांडला होता. शनिवारी दुपारी आठवड्याचे पाचही भाग एकापाठोपाठ लागायचे, म्हणून अख्खी गल्ली जेवायला आणि बघायला आली. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांच्या जाळावर पांढरी-हिरवी वांगी भाजली जात होती, लाकडी बडगीत मिरच्या ठेचल्या जात होत्या, केळीची पानं मांडली जात होती.

सारिका नवा पिस्ता रंगाचा ड्रेस घालून आली होती. कोणासाठी, हे सांगायला नको. स्वप्नीलने बघितलंही. “छान—” असं म्हणून तोंड उघडलंही. तेवढ्यात ओट्यावरून हाक आली, “स्वप्नील बेटा! ये लवकर! रेनले ताप आला!” आणि साहेब वही घेऊन धावले.

विसावा भाग संपला. मावशीने डोळे पुसले. स्वप्नील तिच्याकडे असा बघत होता, जसं काही जगात तेवढाच एक चेहरा आहे.

“मले वाटते,” मावशी म्हणाली, “मिओ घरी पोचली की रेनचं आणि तिचं लगीन होईल. होय ना रे?”

“रेन मरतो,” सारिका म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. तिला वाटलं, आता गप्प बसावं. पण जीभ काही ऐकेना.

“शुक्रवारी, शेवटच्या भागात. मिओला वाचवताना दरीत पडतो. कंदील पोचतो, रेन पोचत नाही. झालं? आता रोज उठून ‘काय होईल, काय होईल’ करायला नको!”

मावशीने हातातली पुरी खाली ठेवली. स्वप्नीलचे हात कानांकडे जायला निघाले होते, ते अर्ध्यातच राहिले होते. त्यालाही ऐकू गेलं होतं. चार आठवडे जपलेलं सगळं त्या एका वाक्यात गेलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती वही मिटली.

“का सांगितलंस?” त्याने विचारलं. पहिल्यांदाच तो तिला ‘अगंतुगं’ करत होता, आणि तेही असं.

“कारण तू सगळ्यांकडे बघतोस!” तिचा आवाज फुटला. “माझी मिओ होती ती. माझी मावशी. आणि तू... तू तर माझा नव्हतासच. तरी मला राग आला.”

एवढं बोलून ती शेतातून तडक एसटी स्टँडवर गेली. भरिताचा एक घासही तिने खाल्ला नव्हता.

पुढचे पाच दिवस त्याचा फोन आला नाही. सारिकाने नेत्यांचे गाल गोरे केले, आईची मालिका बघितली, रडू आलं की मालिकेवर ढकललं. शेवट फोडणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? कॉलेजात एकाने तिला एका सिनेमाचा शेवट सांगितला होता, तेव्हा ती वर्षभर त्याच्याशी बोलली नव्हती. आता पहूर गेलं. पहूर गेलं की आजूबाजूची गावं गेली, वाहिनीची वेळ गेली, त्याची नोकरी गेली. आणि तो गेला.

शुक्रवारी दुपारी ती मावशीचे पाय धरायला पहूरला निघाली. वाटेत तोतारामभाऊंचा फोन आला. “अगं सारिका, काय करून ठेवलंस? सकाळपासून फोन थांबेना! जामनेरहून, शेंदुर्णीहून. ‘आज तो पोरगा मरणार आहे ना, तो कुठल्या चॅनेलला?’ कोण मरणार आहे बाई? मला तर घामच फुटला!”

मावशीच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्ही बाहेर ओट्यावर आणला होता. चटया, खाटा, उलट्या ठेवलेल्या घमेल्यांवर म्हातारे. ज्यांनी एकही भाग बघितला नव्हता, तेही आले होते, आणि मावशी त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत होती.

“मावशी... मी शेवट सांगायला नको होता गं.”

“का व?” मावशीला खरंच कळेना. “आखाजीच्या सणाले गौराई सासरी जाते, हे आम्हाले ठाऊक नसते का? दरसाल जाते. तरी दरसाल तिले बोळवताना रडतोच ना? उलट ठाऊक असलं की सगळ्यांले बोलावता येते. जाणाऱ्या लेकराले भेटायले गाव नको का?” आणि मग आवाज बारीक करून, “आणि माझ्यावर कशाले जळते गं बयो? मी काय त्याच्याशी लगीन लावू?”

सारिकाला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

साडेसहा वाजले. स्वप्नील गर्दीतून आला. त्याच्या हातात वही नव्हती. नेहमीसारखा टीव्हीकडे पाठ करून न बसता तो तिच्या शेजारी चटईवर टेकला, टीव्हीकडे तोंड करून.

“आज टिपायचं नाही का?” तिने पुटपुटत विचारलं.

“आज बघायचंय.”

रेनचा हात सुटला, तेव्हा सारी गल्ली हुंदका देऊन रडली. सारिका पाचव्यांदा रडली, आणि एवढ्या माणसांत बसून पहिल्यांदाच. रडता रडता तिच्या लक्षात आलं, की शेजारचा टीव्हीकडे बघतच नाहीये. तो तिच्याकडे बघतोय. अगदी मावशीकडे बघायचा ना, तसा... नाही, तसा नाही. मावशीकडे तो असा कधीच बघत नव्हता.

सव्वासातला एसटी स्टँडवर जळगावची गाडी अजून लागायची होती. थंडी मी म्हणत होती. तो तिला सोडायला आला होता.

“दुपारी वाहिनीचा फोन आला होता. आठवडाभर बघणारे वाढतच होते,” तो म्हणाला. “दुसरी मालिका येतेय. मी राहतोय. साहेब म्हणाले, शेवट आधीच सांगायची युक्ती कोणाची?”

“मग? काय सांगितलंस?”

“सांगितलं, आहे एक. फार जळकी आहे.”

तिने त्याच्या दंडावर चापट मारली. हात तिथून काढून घ्यायला तिला जरा उशीरच झाला.

“सारिका... तुला सगळ्या गोष्टींचा शेवट ठाऊक असतो. आपला—”

तिने झटकन दोन्ही हात कानांवर दाबले. “नको! सांगू नकोस!”

“का?”

“मला पहिल्यांदा बघायचंय.”

तो हसला. ती खळी पुन्हा पडली. हलकेच त्याने तिचा एक हात कानावरून दूर केला आणि तो हातातच राहू दिला. “बरं, शेवट नाही सांगत. पुढचा भाग तरी सांगू?”

तिने मान हलवली, होय.

“तू माले भलती आवडस.”

गाडी आली. कंडक्टरने जळगाव, जळगाव असा पुकारा केला. सारिका जागची हलली नाही. तिने दुसऱ्या कानावरचा हात आपणच खाली घेतला, आणि खाली बघत म्हणाली,

“परत सांग. आत्ता एकाच कानाने ऐकलं.”