कोरड्या होडीतलं पाणी

मेलेला बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी जिवंत सुताराला धरलं.

धाकटा भाऊ वर्षाची डागडुजी झालेली होडी घेऊन समुद्रात गेला आणि बुडून मेला. होडी वर ओढली, तर तळाचं भोक उघडं. होडी जमिनीवर असताना आत साचलेलं पाणी त्यातून जातं. समुद्रात सोडण्याआधी लाकडी बूच ठोकून ते बंद करायचं. काम सुताराचं. अंत्यसंस्कार झाल्यावर थोरल्या भावाने त्याला सगळ्यांदेखत चपलेने मारलं. उद्या पोलीस त्याला नेणार होते.

"बाबांनी बूच लावलं होतं," सुताराची मुलगी सांगत होती. "पण ऐकतो कोण?"

"मी ऐकते," आत्याबाई म्हणाल्या. खासगी तपास करण्यात त्यांचे केस पिकले होते. "चला, वकीलसाहेब."

वकील असलेला भाचा निमूट उठला.

होडी पुन्हा टेकूंवर उभी होती, तळाला ताजा लाल रंग. आत्याबाई सरळ तिच्याखाली सरपटल्या.

"आत्या, पाठ धरेल!"

"तुझी जीभ धरली तर बरं. भोकात बोट घाल. आत रंग आहे?"

"नाही. कोरं लाकूड. कडेच्या रंगाच्या मात्र कपच्या उडाल्यात."

शेडमध्ये रंगारी ब्रश धूत होता. डब्याच्या कडीला दोरी होती.

"हा डबा कुठला?"

"होडीतला. पाणी उपसायचा. आठवडाभर ब्रश यातच भिजतायत. परत ठेवायचा राहिला."

"आणि धाकट्याने समुद्रात काय ओंजळीने उपसायचं होतं?"

रंगाऱ्याने डबा बाजूला सरकवला.

"रंगाचा शेवटचा हात कधी दिलास?"

"होडी निघायच्या आदल्या दिवशी. निघायच्या सकाळी खडखडीत वाळला होता. मग थोरल्याने पाईप लावून होडी आतून धुतली. सुतार आला नव्हता, तापाने पडला होता."

धाकट्याची बायको दारातच कडाडली, "सुताराने खाल्लं माझ्या माणसाला!"

"निघताना होडी ओली होती?"

"कोरडी ठणठणीत. मीच तळाची फळी उचलून त्यांची पिशवी खाली सरकवली. थेंब नव्हता."

थोरला तर पेटलेलाच होता. "त्या सुताराला फासावर द्या!"

"होडी तुम्ही धुतलीत?"

"भावासाठी धुतली. गुन्हा झाला?"

"धुतलेलं पाणी कसं काढलंत?"

"डब्याने उपसलं. आणखी कसं काढतात?"

संध्याकाळी आत्याबाईंनी सगळ्यांना होडीपाशी बोलावलं. बघ्यांची गर्दी होतीच.

"म्हणजे सुतार विसरलाच ना?" भाचा कुजबुजला.

"तू वकील झालास हेच मोठं रहस्य आहे," आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या. "सुतार विसरला असता तर रंग भोकात शिरला असता. आत कोरं लाकूड आहे. म्हणजे बूच जागेवर होतं, रंग त्याच्यावरून गेला. ओल्या रंगात उपटलं असतं तर कडा माखली असती. तिथल्या रंगाच्या तर कपच्या उडाल्यात. म्हणजे रंग वाळल्यावर उपटलं, त्या सकाळी. तेव्हा सुतार अंथरुणात होता."

गर्दीतले दोघे-तिघे वाकून भोक बघू लागले.

"त्याच सकाळी पाईपने होडीत पाणी भरलं. ते गेलं कुठे? थोरले म्हणतात, डब्याने उपसलं. डबा तर शेडमध्ये ब्रश भिजवत होता! आणि उपसून फळ्यांखाली थेंबही राहत नाही, असं होत नाही. ते पाणी एकाच वाटेने गेलं. ज्याने धुतलं, त्याने बूच काढलं."

थोरला होडीला टेकला. "फोन आला... बूच खिशात टाकलं. विसरलो. भावाला घरी आणलं तेव्हा हात खिशात गेला. शपथ घेतो, मुद्दाम नाही केलं!"

"विसरलास, कबूल. माणूस विसरतो. पण बूच खिशात सापडल्यावर तू चप्पल हातात घेतलीस. ती कशी नाही विसरलास?"

तो भावजयीच्या पायांशी कोसळला. ती दोन पावलं मागे सरली.

"माझ्या पाया पडू नका, भाऊजी. मार मी खाल्लेला नाही. आधी सुतारांच्या दारात जा, मग पोलिसांकडे. मीही येते, शिव्या मीही दिल्यात."

मागची माणसं हळूच पांगू लागली.

"कुठे निघालात?" आत्याबाई गरजल्या. "चप्पल पडत होती तेव्हा बरे वेळ काढून उभे होतात!"

कुणी हललं नाही. मग सुताराची मुलगी घराकडे चालू लागली, आणि तिच्यामागून एकेक जण, मान खाली घालून.