कोऱ्या खाचेतला पिवळा रंग

भोरच्या बाजारपेठेतल्या एका लॅबमध्ये भार्गवी नव्यानेच कामाला लागली होती. श्रावणातली दुपार, पण आभाळ इतकं दाटलेलं की दिवे लावावे लागले. डेंग्यूची साथ जोरात होती. तिने रुग्णांचे नमुने प्लेटमधल्या बारीक खाचांत घातले आणि प्लेट धुण्याच्या मशीनमध्ये ठेवली. मशीनच्या सुया खाचांत उतरायच्या, पाणी सोडायच्या, ओढून घ्यायच्या. धुणं नीट झालं, तरच पुढे ज्याला डेंग्यू त्याचीच खाच पिवळी व्हायची.

त्या दिवशी मशीन पाणी ओढताना धापा टाकत होतं. कुणी तापात कण्हावं तसं. हळूहळू खोलीत घामाचा आणि ओल्या गोधडीचा वास भरला.

शेवटी जी खाच पडताळणीसाठी मुद्दाम कोरी ठेवलेली, तीच पिवळीजर्द झाली. तिच्यात कुणाचंच रक्त नव्हतं.

"नवी प्लेट लावा," लॅबचे मालक प्रद्युम्न सर त्रासून म्हणाले.

तिने लावली. पुन्हा तीच खाच. रंग आणखी गडद.

भार्गवी बाहेर आली, तर बाकावर एक म्हातारी बसली होती. हिर्डोशीच्या सगुणाबाई.

"कुणाचा रिपोर्ट हवाय, आजी?"

"माज्या लेकीचा, मंगलचा. राती सपनात आली. म्हनली, आज गावंल."

"मग त्यांनाच पाठवायचं ना."

"ती कवाच आत गेली न्हवं का… तुमच्या मागं हुबी व्हती."

भार्गवीच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं. तेवढ्यात सर दारात आले आणि म्हातारीला पाहून जागीच थबकले.

"आजी, मंगल तर… गेली ना?"

"व्हय. तुमी लिवून दिलं, डेंग्यू न्हाई. आमी घरी नेली. रगत वकून गेली."

सर मागे वळून आत गेले. भार्गवी मागोमाग आली, तसं त्यांनी दार लोटलं आणि ते खुर्चीत कोसळले. "मशीन तुंबलं होतं, भार्गवी… मी तपासणी न करताच लिहून दिलं."

त्यांच्या पाठीमागे, बटण न दाबता, मशीन सुरू झालं.

संध्याकाळपर्यंत सर तापाने फणफणले. मग रक्तातल्या पेशी घसरू लागल्या. भार्गवीने स्वतः त्यांचा नमुना लावला. शेजारच्या रुग्णाची खाच पिवळी, सरांची पाण्यासारखी स्वच्छ. दुसऱ्यांदा लावला, तरी तेच. पुण्याच्या रुग्णालयातही तेच. डॉक्टर दुसराच आजार शोधत राहिले.

ती भेटायला गेली, तेव्हा सरांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"ती धुतेय…" ते पुटपुटले. "माझं सगळं धुऊन नेतेय."

त्याच रात्री ते गेले. लॅब बंद झाली, मशीन नसरापूरच्या एका लॅबने घेतलं. भार्गवीने ते कामच सोडलं.

दिवाळीनंतर नसरापूरच्या त्या लॅबमधल्या अश्विनीचा फोन आला.

"ताई, हे मशीन तुमच्या लॅबमध्ये असताना काही झालं होतं का?"

"का गं?"

"पाणी ओढताना आतून कुणीतरी विनवण्या करतं… पुरुषाचा आवाज आहे. सोड म्हणतो."

पलीकडे अश्विनीचा आवाज एकदम खाली आला.

"आणि दर वेळी एक बाई त्याला सावकाश सांगते… 'अजून न्हाई.'"