यादीतलं पाचवं नाव

अनोळखी माणसाच्या खरेदीत नाक खुपसू नये, एवढं पूर्वाला कळत होतं. पण शेजारचा माणूस जे करायला निघाला होता ते बघून तिला राहवेचना.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत ती मामांसाठी फ्रिज घ्यायला आली होती. फ्रिज मामांचा, कार्ड पूर्वाचं. धायरीच्या समस्त रायकर मंडळींत आणि सोयऱ्यांत ही रीतच पडून गेली होती. कुणाचं वीजबिल असो, कुणाच्या लग्नाचं कार्यालय असो, पैसे पूर्वाच्या कार्डावरून जायचे, मंडळी तिला रोख आणून द्यायची आणि तिच्या खात्यात विमानाचे पॉइंट्स साठत राहायचे. खराडीच्या एका कंपनीत लोकांची विमानाची तिकिटं काढणं, ही तिची नोकरी. स्वतः मात्र ती विमानात एकदाच बसली होती, तीही नागपूरला जायला, तेही ऑफिसच्या कामासाठी.

तर शेजारचा तो उंच, उन्हाने रापलेला तरुण दुकानदाराला मोबाइल दाखवत म्हणत होता, "हाच मिक्सर ना? मग राहू दे. मला पॉइंट्सवर फुकट मिळतोय. वीस हजार पॉइंट्स."

"अहो!" पूर्वा जवळजवळ ओरडलीच. "बटण दाबू नका!"

त्याचा अंगठा जागच्या जागी थांबला. "का? शॉक बसतो?"

"नंतर बसेल! चार हजारांच्या मिक्सरला वीस हजार पॉइंट्स? तेवढ्यात माणूस परदेशी जाऊन येतो."

"मला नाही जायचं परदेशी. आईला चटणी वाटायचीय."

"मग रोखीने घ्या ना! पॉइंट्स काय चटणीसाठी असतात?"

"मॅडम," दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं, "आपणही दुकान टाकताय का इथे? नाही, आपलं सहज विचारलं."

तो तरुण हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरासा मिटायचा... आणि पूर्वाला भर गल्लीत, फ्रिजच्या खोक्याला टेकून, एकदम लाजल्यासारखं झालं. तिथेच सगळं संपलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला आता वाटतं. पण त्याने मिक्सर रोखीने घेतला, आणि "शिकवणीची फी" म्हणून तिला कोपऱ्यावर चहा पाजला.

त्याचं नाव साईनाथ. राहायला येरवड्यात. कारखान्यांत बॉयलर बसवण्याचं काम, त्यामुळे आज रायपूर, उद्या गुवाहाटी. महिन्यात दहा-बारा विमानं. पॉइंट्सचा नुसता ढीग साठलेला आणि त्याचं करायचं काय, याचा या बाबाला पत्ताच नाही!

"ऐका," पूर्वाने बिलाच्या पाठीवर आकडे मांडले. "वस्तू घेतल्या तर पॉइंटला वीस पैसे सुटतात. जवळचं तिकीट काढलं तर पन्नास. पण लांबचं, पुढच्या वर्गाचं, पाय पसरून झोपता येतं ना, ते काढलं तर दोन रुपयांच्या पुढे!"

"लांबचं म्हणजे कुठलं?"

"ऑकलंड."

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"ते कुणाला माहीत! भाव बघा ना भाव."

तो इतका हसला की चहा बशीत सांडला. "बरं. ऑकलंड. दोन तिकिटं पुरतील एवढे साठवतो," तो म्हणाला. दुसरं कुणाचं, ते त्याने सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. रात्रभर मात्र तेच डोक्यात.

'तुम्ही'चं 'तू' व्हायला तीन आठवडे लागले. प्रत्येक विमानातून तो तिला एक फोटो पाठवायचा — त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटचा. खाली एवढंच : 'कुणी बसलं नाही.' ऑफिसात ती फोन पालथा ठेवायची आणि उगीचच हसत बसायची. तो पुण्यात असला की शनिवारी त्याच कोपऱ्यावर चहा. तो खारीचे दोन तुकडे करायचा आणि मोठा तिच्या बशीत सरकवायचा.

आणि मग अधूनमधून तो म्हणायचा, "गोव्याला जाऊ या?"

"गोव्याला पॉइंट्स? शी! बसने जातात लोक."

"मग उदयपूर."

"व्हॅल्यू नाही रे."

"बरं बाई, इंदूर! सकाळी जाऊ, पोहे खाऊ, संध्याकाळी परत."

"तुला वेड लागलंय का?"

तो डावा डोळा मिटून हसायचा. पूर्वाला वाटायचं, हा आपली चेष्टा करतोय, आणि आपण किती हुशार, याचे पैसे वाचवतोय. कसली हुशार, कपाळ! एवढे भाव तोंडपाठ असणाऱ्या पोरीला समोरचा काय विचारतोय, तेवढं कळलं नाही.

एकदा, डिसेंबरात, त्याने विनोद केला नाही. खारी तशीच बशीत होती.

"पूर्वा, ते भाव-बिव सोड. माझ्याबरोबर यायचंय की नाही, तेवढं सांग."

यायचंय — असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आत्ता, या चहाच्या टपरीवरून, चपला घालून आहे तश्शी. पण सवय वाईट. दोन वर्षं जे घोकलं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"थोडं थांब ना... मार्चमध्ये ऑकलंडच्या सीट सुटतात."

मग त्याने मान हलवली, चहाचे पैसे दिले आणि हेल्मेट उचललं. त्यानंतर रिकाम्या सीटचे फोटो आले नाहीत. कामात असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, त्याचा फोन आला. आवाज जरा जास्तच नीट होता.

"पूर्वा, एक काम होतं. पुढच्या महिन्यापासून पॉइंट्सचे दर दीडपट होणार म्हणे?"

"हो! मीच सांगणार होते तुला. आजच्या आज ऑकलंड काढायला हवं. सीट सुटल्यात, साई!" तिचा आवाज आनंदाने चिरकला.

"त्यासाठीच फोन केला. पासवर्ड पाठवतो, तू काढशील? मला ते जमणार नाही. दोन तिकिटं. जूनमधली." तो थांबला. "माझं... आणि वैष्णवीचं."

"वैष्णवी कोण?"

"साखरपुडा झाला माझा. गेल्या रविवारी. आईने पाहिलेली मुलगी... चांगली आहे गं."

स्वयंपाकघरात आई खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होती. ते ठोके पूर्वाला स्पष्ट ऐकू येत होते, बाकी काहीच नाही.

"अरे वा!" ती म्हणाली. माणूस काय काय बोलू शकतो! "अभिनंदन. पाठव पासवर्ड."

तिने लॅपटॉप उघडला. जूनची तारीख, पुढचा वर्ग, दोन सीट, शेजारी शेजारी. इतका चांगला भाव तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. या पॉइंट्सची एक अट असते : आपल्याशिवाय ज्याचं तिकीट काढायचं, त्याचं नाव आधी यादीत नोंदवावं लागतं. पाचच नावं. तिने वैष्णवीचं नाव टाइप केलं. लाल अक्षरं उमटली : यादी पूर्ण आहे. आधी एक नाव वगळा.

तिने यादी उघडली.

आई. बाबा. ताई. भावजी.

पाचवं नाव पूर्वा रायकर. नोंदवल्याची तारीख मिक्सरनंतर बरोब्बर पाच दिवसांची.

पाच दिवस! 'तुम्ही'चं 'तू'सुद्धा झालं नव्हतं तेव्हा. तिची बोटं कळांवर तशीच राहिली. दोन वर्षं ती ज्या सीटची वाट बघत होती, ती तिच्याच नावाची होती आणि प्रत्येक वेळी तिनेच नको म्हटलं होतं. गोवा नको, उदयपूर नको, इंदूर नको.

तिने फोन लावला.

"साई, यादीत..."

"हं." तो म्हणाला. "तुझं नाव काढायला गेलो होतो. दोनदा. जमलं नाही."

"मला सांगायचंस ना रे!"

"सांगितलं की. तीन गावांची नावं घेऊन सांगितलं. मला वाटलं, तुला यायचं नाहीये आणि तू तोंडावर नाही म्हणत नाहीयेस."

"मला यायचं होतं," पूर्वा म्हणाली. आता लपवून काय करायचं होतं? "इंदूरलाही यायचं होतं. पोह्यांसाठीसुद्धा आले असते. तू आवडतोस मला... पहिल्या दिवसापासून."

तो अगदी हळू म्हणाला, "भावजींचं नाव वगळ. तुझं राहू दे."

आणि एक क्षणभर, देवाशपथ, तिचा हात भावजींच्या नावाकडे गेला. काय बिघडणार होतं? एका कोपऱ्यात नाव राहिलं असतं. कधीतरी, कुठेतरी...

"आणि उद्या वैष्णवीने यादी बघितली तर?" तिने विचारलं.

तिने भावजींच्या नावावरून हात मागे घेतला.

"तिने काय वाकडं केलंय आपलं?" पूर्वा म्हणाली. "ठेवते. तिकिटं येतील तुला."

तिने स्वतःच्या नावापुढचं बटण दाबलं. 'खात्री आहे का?' असं यंत्राने विचारलं. हे विचारावंसं फक्त त्या यंत्रालाच वाटलं होतं. तिने 'हो' दाबलं, वैष्णवीचं नाव नीट, एकही चूक न करता भरलं, आणि खिडकीची सीट तिला दिली.

मग तिने स्वतःचं खातं उघडलं. मामांचा फ्रिज, आत्याचं कार्यालय, सगळ्या गोतावळ्याची बिलं, सहा वर्षांत साठवलेला एकेक पॉइंट तिथे होता. विमानांच्या पानाकडे तिने पाहिलंही नाही. वस्तूंचं पान उघडलं. तोच मिक्सर. वीस हजार पॉइंट्स.

या वेळी 'बटण दाबू नका' म्हणायला शेजारी कुणीच नव्हतं.

गुरुवारी खोकं आलं. तिच्या आईने, नंदाबाईंनी, हळदकुंकू वाहून मिक्सर ओट्यावर मांडला, भांड्यात शेंगदाणे, लसूण, तिखट घातलं.

"आगं पूर्वे, फुकाट मिळाला म्हनं? खरं हाय का?"

पूर्वा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने मान हलवली. मग आईने बटण फिरवलं आणि मिक्सर सुरू झाला. आवाज चांगलाच मोठा होता त्याचा. आईची पाठ होती, चटणी बारीक व्हायला वेळ होता, तेवढ्यात पूर्वा रडून घेऊ शकली.