दाराशेजारची ओल

ताईला जाऊन तीन महिने झाले होते, तेव्हा दाजींचा फोन आला. बाथरूमच्या भिंतीला ओल धरलीय, बुरशी चढलीय, टाइल्स बदलायच्यात. घरचा मिस्त्री असताना बाहेरचा कशाला, म्हणे. ताई घसरून पडली आणि जागच्या जागी गेली, तेच हे बाथरूम. पाय निघत नव्हता. पण तिच्या घराला नाही कसं म्हणणार?

सकाळी टाइल्स उखडायला घेतल्या. ओल एरवी नळाच्या भिंतीला असते. ही दाराशेजारच्या भिंतीला होती. आत पाइप नाही, वर टाकी नाही, पलीकडे कोरडा ठणठणीत हॉल. तरी काळी बुरशी जमिनीपासून वर चढलेली, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत. कुबट वास. आणि त्यातच ताईच्या केसांच्या तेलाचा वास. म्हटलं, भास असेल.

ओला गिलावा विटेपर्यंत खरवडला. मग उरलेला कुठे सुटलाय ते बघायला हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलो. आम्ही नेहमीच तसं बघतो; पोकळ जागा आवाजावरून कळते. ठक, ठक, ठक.

पलीकडून उत्तर आलं.

ठक... ठक... ठक. हळू, थकलेल्या हातानं वाजवावं तसं.

हातोडी हवेतच राहिली. तेवढ्यात दाजी दारात आले. चेहरा पांढराफटक.

"बंद कर ते! बंद कर म्हणतो ना... अश्शीच ठोकत होती..."

"कोण ठोकत होतं, दाजी?"

त्यांनी माझ्या हातातली हातोडी ओढून घ्यायला बघितली.

"तुम्ही तर म्हणालात, पडली आणि जागीच गेली."

"उगाच शब्दांत पकडू नकोस. भांडली होती. जरा अद्दल घडावी म्हणून बाहेरून कडी घातली. ती पडलीय, हे मला काय ठाऊक? वाटलं, नाटकं करतेय."

"किती वेळ ठोकत होती?"

"मॅच संपेपर्यंत," ते म्हणाले.

माझ्या हातात हातोडी होती. खरं सांगतो, त्यांच्या टाळक्यात घालावीशी वाटली. हातून काही व्हायच्या आत मी हॉलमध्ये येऊन उभा राहिलो. दाजी तणतणत आत गेले आणि भिंतीला लाथ घातली. "मेली तरी पिच्छा सोडत नाही!"

दार धाडकन लागलं. मग माझ्या डोळ्यांदेखत बाहेरची कडी सरकली. सावकाश. तिथं हात कुणाचाच नव्हता.

"ए मिस्त्री, चेष्टा पुरे!" दाजी आधी हसले. मग दार ठोकायला लागले. मग आवाज चिरकला. "अरे उघड... आत कुणीतरी आहे... उघड रे..."

मी कडीला हात लावला नाही. स्टूल ओढून बसलो. आई अंथरुणाला खिळलेली असताना ताईनं मला भरवलंय, न्हाऊ-माखू घातलंय. उठायला पाय तयार नव्हते. आणि खोटं कशाला बोलू, मनही तयार नव्हतं. ठोकू दे, म्हटलं. मॅच संपू दे.

बऱ्याच वेळानं आवाज थांबला. कडी काढली. दाजी आत नव्हते. खिडकी एवढीशी, मांजरसुद्धा निघणार नाही. आणि मी विटेपर्यंत खरवडलेल्या भिंतीवर नवाकोरा गिलावा होता. गुळगुळीत, ओलाचिंब. माझी सिमेंटची गोणी हॉलमध्ये होती, अजून फोडलीही नव्हती.

कान लावला. आतून ठक... ठक... ठक...

ओल्या गिलाव्यावर टाइल कधी बसवायची नसते, हे मी जन्मभर लोकांना बजावत आलोय. त्या दिवशी बसवल्या. गोणी फोडली, माल कालवला, आणि एकेक टाइल दाबून दाबून बसवली. आतलं ठोकणं चालूच होतं. मी घाई केली नाही.

शेवटच्या टाइलसाठी, मागे न बघता, हात मागे केला. कुणीतरी ती माझ्या हातात दिली.